खुलासा : भोपाळचा दोष एका कामगाराच्या माथी नको

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘भोपाळ वायुकांड एका कामगाराच्या चुकीमुळे घडलं.’ हे अपुरं आहे, आणि अन्यायाचंही. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री तिथल्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं; कसं, यावर आजही वाद आहे. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती आणि गळालेला वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेला होता, यावर वाद नाही. मग दोष एकाच हाताचा कसा? त्यानंतरच, १९८७ साली कारखाने कायदा सुधारला आणि धोक्याची माहिती कामगारांना देणं मालकांवर बंधनकारक झालं. पीथमपूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आपल्या मुलांनी ती हक्कानं मागावी. तो मेसेज पुढे पाठवला असेल, तर कृपया हाही पाठवा.