अंधेरीला उतरायचंय

भुताचे सिनेमे मी रात्री दिवे मालवून, चिवडा खात बघतो. पांढऱ्या साडीतली बाई जिना उतरू लागली की बायको पांघरुणात शिरते आणि मी तिला ‘शेव संपली का गं?’ असं विचारतो. थोडक्यात, मी भित्रा नाही, हे आधी नोंदवून ठेवा.

तर, दादर. संध्याकाळचे पावणेसात. मला जायचं अंधेरीला आणि समोर लागली विरार फास्ट, म्हणजे मोजकी स्टेशनं घेत विरारला जाणारी लोकल. गाडी अंधेरीला थांबते. पुण्याहून नुकत्याच बदलून आलेल्या माणसाला आणखी काय हवं? मी चढलो असं म्हणता येणार नाही, मागच्यांनी मला चढवलं. बॅग छातीशी, डावा हात कुणाच्या तरी काखेत आणि उजवा पाय हवेत. तो बांद्र्यापर्यंत हवेतच होता. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी राहिली की रेल्वे त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणते. त्यातला सोळावा मी.

तेवढ्यात कानाशी कुणीतरी हळूच विचारलं, “कुठे उतरणार?”

“अंधेरी.”

डबा गप्प झाला. पत्त्यांचा डाव थांबला. पलीकडे भजन चाललं होतं, तिथले टाळ थांबले. कुणीतरी ‘च्च’ केलं, मयताला आल्यावर करतात तसं.

“अंधेरीसाठी विरार पकडतात का कुणी?” एक काका म्हणाले. “स्लो आहे, बोरिवली आहे, त्या काय शोभेला?”

तसं काकांचं चूक नव्हतं. चर्चगेटपासून अंधेरी २२ किलोमीटर, विरार ६०. त्यांना वसईची खाडी ओलांडून घरी जायचंय आणि त्यांची जागा अडवून उभा मी. विरारहून पहिली लोकल सुटली १८६७ साली. तेव्हापासून साठलेला राग त्या संध्याकाळी माझ्यावर निघाला.

सिनेमात दार आपोआप बंद होतं म्हणून लोक किंचाळतात. इथे दार सताड उघडं, आणि बाहेर पडता येत नाही!

अंधेरी आली. ‘उतरू द्या, उतरू द्या’ करत मी दोन पावलं पुढे सरकलो. फलाटावरून लोंढा आत आला, मी चार पावलं मागे. माझं घर स्टेशनपासून सात मिनिटांवर. तेही माझ्या डोळ्यांदेखत मागे गेलं. खिशात फोन थरथरत होता, बायकोचाच असणार. पण हात पोचेना, आणि थरथरणारा खिसा नक्की माझाच आहे का, याचीही खात्री नव्हती. बोरिवलीला मी प्रयत्नसुद्धा केला नाही.

भाईंदर सुटलं, खाडीचा खारट वारा आला आणि काकांचा चेहरा सैल झाला. जरा सरकून त्यांनी मला तिघांच्या बाकावर चौथी सीट दिली, हातावर भजनाचा खोबऱ्याचा प्रसाद ठेवला. “होतं असं पहिल्यांदा. विरारला उतरू नकोस, बसून राहा. हीच गाडी परत जाईल.”

परतीला डबा जवळपास रिकामा. ट्यूब फडफडत होती, वरच्या कड्या आपोआप डुलत होत्या आणि कोपऱ्यात तोंडावर रुमाल टाकून एक इसम निश्चल बसला होता. सिनेमावाल्यांना लागतं ते सगळं हजर. मला इतकं सुरक्षित वाटलं, की मी पाय पसरून डोळे मिटले.

जाग आली तेव्हा दादर आलं होतं. धडपडत उतरलो. पलीकडच्या फलाटावर विरार फास्ट लागत होती.