मिलिटरी ट्रकचा जाम हुक: कोका-कोला, गॅस आणि घण

जुन्या अमेरिकन लष्करी ट्रकचा ट्रेलर ओढायचा हुक जाम झालाय आणि एक गृहस्थ तो दहा मिनिटांत सोडवतात, असा व्हिडिओ सध्या सगळीकडून येतोय. सोबत मराठीत कृती: ‘रात्रभर कोका-कोला ओतून ठेवा, सकाळी डब्ल्यूडी-४० (तेलाचा फवारा) मारा, गॅसने लालभडक करा आणि घण घाला. मिलिटरीचं लोखंड आहे, काही होत नाही.’ मी मिशिगनमध्ये राहतो. शेजारच्या आजोबांच्या एम-३५ ट्रकवर गेल्या ऑक्टोबरात हेच काम केलं. मला पाच दिवस लागले.

आधी जाम काय होतं ते बघू. हुकाच्या मागे जाड दांडा असतो. तो ट्रकच्या मागच्या आडव्या चॅनेलवरच्या ब्रॅकेटमधून आरपार जातो, पलीकडे नट आणि तो सुटू नये म्हणून घालायची कॉटर पिन. हा दांडा ब्रॅकेटमध्ये गोल फिरला पाहिजे. खडबडीत जमिनीवर ट्रक एकीकडे कलतो, ट्रेलर दुसरीकडे. तो पीळ हा सांधाच खातो. व्हिडिओतले गृहस्थ ठोकत होते ते हुकाच्या वरच्या झडपेला. ती उघडली आणि व्हिडिओ संपला. दांडा जागचा हललाही नाही.

आता कोका-कोला. त्यात थोडं फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं हे खरं. सुटा गंजका बोल्ट त्यात बुडवून ठेवला तर वरचा गंज निघतोही. पण इथे गंज आत आहे. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ धातूच्या दुप्पट-तिप्पट जागा घेतं, आणि दांड्याभोवतीची फट गच्च भरून टाकते ती हीच पूड. तिथे पाण्यासारखा द्राव काय शिरणार? वर साखरेचा चिकटा राहतो तो वेगळाच.

डब्ल्यूडी-४० बद्दल थोडक्यात. १९५३ मध्ये ते बनलं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. वाईट नाही, पण गंज सोडवायला हीच कंपनी वेगळं तेल विकते, यातच काय ते आलं.

खरा धोका गॅसचा. उष्णता उपयोगाची आहे, लालपणा नाही. समजा भोक ४० मिलिमीटरचं आहे. ब्रॅकेट दीडशे अंशांनी तापवलं तर ते सुमारे ०.०७ मिलिमीटर मोठं होतं. गंजाची पकड ढिली व्हायला तेवढं बऱ्याचदा पुरतं, पण दांडा थंड राहिला तरच! दोन्ही सारखेच तापवले तर दोन्ही सारखेच फुगतात, फट तिथल्या तिथेच. लाल दिसू लागलं म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास गेलात. हुक घडीव पोलादाचा, पाणी दिलेला, म्हणजे तापवून-थंड करून कणखर केलेला असतो. तेवढा तापवला की ते पाणी उतरतं, आणि दिसायला हुक होता तसाच. मग एखाद्या उतारावर मागे टनभर ट्रेलर असताना कळतं. शिवाय जुन्या रंगात शिसं आणि क्रोमेट, नटांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. तो धूर छातीत घेण्यासारखा नाही.

आम्ही काय केलं? पहिल्यांदा ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस आत भरायच्या तोट्या, काढले. तापवताना आत कोंडलेलं ग्रीस पिचकारीसारखं उडतं म्हणूनही, आणि तेल आत जायला तयार वाट मिळते म्हणूनही. आमच्याकडे एका निप्पलच्या भोकात ग्रीसचा दगड झाला होता. तारेने खरवडून काढावा लागला. चार दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल. पाचव्या दिवशी ब्रॅकेट बाहेरून बेताने तापवलं आणि कडेला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून फटीत ओढलं गेलं. मग निप्पल परत बसवून हाताच्या ग्रीस गनने दाब दिला. साधी गनही हजारो पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाब देते. ब्रॅकेटच्या मागच्या कडेतून आधी तपकिरी पाणी आलं, मग काळं ग्रीस.

आणि घण. तो लागतोच, पण दांड्याच्या टोकावर नाही. टोक चेपतं, आटे बसतात, मग नटही चढत नाही. ब्रॅकेटच्या एका बाजूला जड घण टेकवून धरायचा, समोरून मध्यम हातोडीने टोले द्यायचे, म्हणजे हादरा सांध्यातून जातो. मग हुकात पहार घालून एक केस इकडे, एक केस तिकडे. एकाच दिशेला जोर लावत बसलं की गंजाची पूड दाबली जाते आणि पुन्हा अडकतं.

‘मिलिटरीचं लोखंड’ याला काय उत्तर द्यायचं? एम-३५ सुरुवातीला बनवला रिओ कंपनीने, इथेच लान्सिंगमध्ये, १९५० च्या सुमारास. ट्रक दणकट आहे, वादच नाही. पण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मिठाला गणवेश कळत नाही.

दांडा बाहेर आल्यावर पुसून भिंगातून तडे बघितले, झिजेचं माप घेतलं, बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी) साफ केले. नट आवळला तो हुक हाताने फिरेल इतपतच. कॉटर पिन नवीन घातली. आजोबा जुनीच सरळ करून पुढे करत होते. ती मी खिशात टाकली.