भांड्यांवरची नावं

गेले सहा-सात महिने मी घरातल्याच वस्तूंचे फोटो काढतोय. खलबत्ता, किसणी, मिसळणाचा डबा, असलं काहीही. घरचे म्हणतात रिकामटेकडा आहे, म्हणू देत.

सध्या गाडी भांड्यांवरच्या नावांवर अडकलीय. पूर्वी भांडं घेतलं की दुकानदार विचारायचाच, नाव काय घालायचं? लग्नकार्याला आळीभरची भांडी गोळा व्हायची, मग कुठलं कुणाचं हे कळायला नाव हवंच ना. जुन्या पितळेवर छिन्नीने ठोकून टिंबाटिंबांनी काढलेली अक्षरं असतात, मशीन आल्यावर सलग रेघ आली. आमच्या परातीवर जागा संपली म्हणून शेवटची दोन अक्षरं वरच्या बाजूला चढवलीयेत, आणि लहानपणापासून त्याच परातीत कणीक मळताना बघतोय पण हे मला फोटो काढताना पहिल्यांदा दिसलं!

स्टीलचा फोटो काढणं म्हणजे डोक्याला ताप. समोरून काढला की नावाच्या जागी आपलंच थोबाड, फ्लॅश मारला की पांढरा ठिपका आणि अक्षरं गायब. शेवटी जमलं ते असं, की ट्यूब बंद करायची, सकाळी खिडकीशेजारी भांडं असं ठेवायचं की उजेड आडवा घासून जाईल, मग कोरलेल्या खाचेत सावली बसते आणि अक्षर उठून दिसतं. ऊन फारच थेट असेल तर खिडकीवर जुनं पांढरं धोतर टाका. काळा टीशर्ट घाला म्हणजे भांड्यात तुम्ही कमी दिसाल (हसू नका, करून बघा). मोबाईल अगदी नाकाशी न्यायचा नाही, जवळून वाटीचा काठ फुगतो, थोडं मागे जाऊन टू एक्स झूमवर काढायचा आणि एक्स्पोजर (म्हणजे फोटोतला उजेड) जरा खाली ओढायचं.

आणि एक, लाकडी बोर्ड, तागाचा नॅपकिन, शेजारी उगाच दोन दालचिनीच्या काड्या, हे सगळं ऑनलाइन मागवून मांडलेले फोटो मला खरंच बघवत नाहीत. घरात कोण दालचिनी अशी ठेवतं? एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० मध्ये ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला, तो आज जगभर ओळखतात. त्याचं नरसाळ्यावर भागलं, आपल्याला काय धाड भरलीय? वस्तू वापरात आहे तशीच काढा, पोचा आणि डागांसकट.

अर्थात हे आईला पटवणं अवघड. तांब्याच्या घागरीवर काय सुंदर काळपट-हिरवट रंग चढला होता, रविवारी निवांत काढू म्हणून ठेवली, तर शनिवारी आईने चिंच-मीठ लावून लख्ख केली. वर म्हणे, फोटो काढणार होतास ना, म्हणून घासली.

परवा एक पितळी डबा काढला, झाकणाच्या आत नाव होतं पण झिजलेलं. फोटो झूम करून, कॉन्ट्रास्ट वाढवून वाचलं, तर आडनाव आमचं नाहीच, जुन्या वाड्यात खालच्या मजल्यावर राहायचे त्यांचं! आईला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "असू दे, आपला बंब त्यांच्याकडे आहे."