दक्षिणेकडं तोंड करून

भिशी लागली तेव्हा घरात तीन मतं होती. आईचं मत बोअर, बायकोचं मत किचन ट्रॉली आणि माझं मत इलेक्ट्रिक गिटार. माझं मत मी चार दिवस कुणाला सांगितलंच नाही.

बरं, गिटार मला कुठलीही चालणार नव्हती. मला 'तो' आवाज पाहिजे होता. आठवीत असताना मावसभावानं औरंगाबादहून एक कॅसेट भरून आणली होती. तिच्यात डायर स्ट्रेट्स या बँडचं १९७८ सालचं 'सुल्तान्स ऑफ स्विंग' होतं, गाणारा आणि गिटार वाजवणारा मार्क नॉफ्लर. शब्द एक कळत नव्हता. पण उन्हाळ्यात भर दुपारी गिऱ्हाईक नसताना रसवंतीचा चरक मंद झाला की घुंगरं कशी आळसावून वाजतात, तशी ती गिटार वाजायची. जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीत आमच्या गच्चीवर मार्क नॉफ्लर.

गावातल्या वाद्यांच्या दुकानात चौकशी केली. भिंतीला मृदंग, खाली पेट्या, कोपऱ्यात ढोलक्या. मालकानं चष्म्यावरून पाहिलं. "गिटारीला बी लाईट लागती का?" लागते म्हटलं. "मग आपल्याकडं वाजायची कधी?"

त्यामुळं पुण्याला मेव्हण्याकडं गेलो. तो संगणकातला, त्यामुळं सगळ्यातला. "दाजी, नॉफ्लरकडं लाल स्ट्रॅटोकास्टर गिटार होती. तिला तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडणाऱ्या पट्ट्या. तुमचा आवाज दोन पिकअप एकदम चालू केल्यावरचा आहे." १९५४ साली फेंडर कंपनीनं ही गिटार काढली तेव्हा पिकअप निवडायचा खटका तीनच जागी बसायचा. वाजवणाऱ्यांनी तो दोन जागांच्या मधेच अडकवून ठेवायला सुरुवात केली, आपण फॅनचा रेग्युलेटर दोन आणि तीनच्या मधे अडकवतो तसा, आणि तिथं हा नाकातला, बदकासारखा आवाज सापडला. पाच जागांचा खटका द्यायला कंपनीला १९७७ उजाडलं. आपला वायरमन असता तर दुसऱ्या दिवशी देऊन मोकळा झाला असता.

दुकानातली परीक्षा मात्र दहावीपेक्षा अवघड. शेजारच्या स्टुलावर मिसरूड न फुटलेलं पोरगं मशीनगन चालवल्यासारखं वाजवत होतं. मला गाण्याची पहिली ओळ येत होती, तीही अर्धी. मी आवाजाचं बटण जवळजवळ बंद करून वाजवली. "सर, ऐकू आलं नाही," विक्रेता म्हणाला. मी म्हटलं, "टोन बघतोय." मग त्यानं लेस पॉल नावाच्या दुसऱ्या घाटाची एक गिटार गळ्यात अडकवली. चार किलोच्या वर भरली असेल. लग्नात घातलेला हारसुद्धा मला एवढा जड झाला नव्हता. तिचा आवाज जाड, तुपातला. गोड होता, पण रसवंतीचा नव्हता. स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची एक घेतली. किंमत घरी सांगितली त्यापेक्षा जास्त होती, एवढंच लिहितो. हा लेख बायको वाचते.

घरी येऊन ॲम्प्लिफायरला जोडली, आणि गिटारीआधी परभणीची वीज वाजायला लागली. भुंऽऽऽ. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या तारेचे सात-आठ हजार वेढे. हवेत जिथं कुठं पन्नास हर्ट्झ भुणभुणत असतील ते सगळे तिला ऐकू येतात. ट्यूबलाईटचा चोक, फॅन, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर. शेजारी मोटर चोरून कधी लावतात हे मला आता घरात बसून कळतं.

शेवटी पिकअप उघडून मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं नेली. त्यानं तिला उजेडात धरलं, पाच एचपीच्या स्टेटरशेजारी ठेवलं, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडं बघतात तसं माझ्याकडं बघितलं. "सर, आपल्याकडं इतकी बारीक तार नाही. पण असली दुसरी कॉइल उलटी जोडली तर भुणभुण एकमेकीला खाईल." हेच डोकं चालवून गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ साली हमबकरच्या, म्हणजे भुणभुण मारणाऱ्या दोन कॉइलींच्या पिकअपच्या, पेटंटचा अर्ज केला होता. आमच्या माणसानं पंचवीस रुपयांत सांगितलं, वर चहा पाजला.

घरी येऊन खटका चौथ्या जागी केला, म्हणजे दोन पिकअप एकदम चालू, तर खरंच भुणभुण गेली. माझ्या गिटारीत मधली कॉइल आधीच उलटी होती. बाकीच्या जागांसाठी एक उपाय सापडला: गिटार घेऊन हळूहळू गोल फिरायचं. उगवतीला तोंड केलं की भुंऽऽ, दक्षिणेला केलं की शांत. मग मी रोज संध्याकाळी दक्षिणेकडं तोंड करून बसायला लागलो. तिसऱ्या दिवशी आई देवघरातून बाहेर आली.

"भरल्या घरात दक्षिणेकडं तोंड करून बसतेत का कुणी? ऊठ आधी!"

उठलो. भुंऽऽ.

तर एवढं करूनही आवाज 'तो' नव्हता. बदक होतं, रसवंती नव्हती. तारा बदलल्या. पिक सोडून नॉफ्लरसारखं नुसत्या बोटांनी वाजवून पाहिलं. बोटांना फोड आले. दिवाळीला माळा साफ करताना जुना टू-इन-वन सापडला, आत तीच कॅसेट. वायर लावली आणि ऐकतच राहिलो. गाणं पळत होतं! गाणारा बस चुकल्यासारखा घाईत, गिटार चुरचुरीत. हे आमचं गाणंच नव्हतं.

आई पापड वाळत घालत होती. म्हणाली, "तवा लाईट कुठं असायची रे? सेलवर ऐकायचास. तुझे वडील नवे सेल आणू देत नव्हते. हितंच, पापडाशेजारी, उन्हात वाळवायचे."

आता सहाही तारा अर्धा स्वर उतरवून ठेवल्यात. टोनचं बटण निम्म्यावर, वाजवायचं जरा पेंगत. परवा मेव्हण्याला फोनवर ऐकवलं. "दाजी, एकदम वेगळा आवाज आहे! आवाज बदलायचं कुठलं पेडल लावलंत?"

"उन्हात वाळवलेले सेल," मी म्हटलं.

तो अजून ऑनलाईन शोधतोय.