कुबेलिकला गुरू नव्हता म्हणे!

भाच्याने परवा व्हायोलिनच्या शिकवणीला जायचे नाकारले आणि कारण म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर माझ्यापुढे धरला. त्यानुसार चेक वादक यान कुबेलिक हा माळ्याचा मुलगा. त्याला ना गुरू होता, ना रियाज ठाऊक होता. व्हायोलिनचे जगातले पहिले ध्वनिमुद्रण त्याचेच, वाद्य थोर इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीचे आणि बोटांचा वेग अमानवी.

वडील माळी होते, एवढे खरे. परंतु ते हौशी व्हायोलिनवादकही होते आणि पाच वर्षांच्या यानला पहिले धडे त्यांनीच दिले. पुढे कारेल वेबर आणि कारेल ओंद्रिचेक यांच्याकडे शिकून तो १८९२ मध्ये, बाराव्या वर्षी, प्रागच्या संगीत विद्यालयात ओताकार शेवचिक यांच्या हाताखाली गेला. अवघड जागेचे बारीक तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा गजाच्या निरनिराळ्या चालींनी हात बसेपर्यंत घोटायचा, ही शेवचिक यांची शिस्त. सहा वर्षे ती सोसल्यावर १८९८ मध्ये कुबेलिक व्हिएन्नाच्या श्रोत्यांपुढे उभा राहिला. गंमत अशी की, भाच्याच्या स्टँडवर उघडे पडलेले, पहिल्याच पानावर कंटाळून सोडलेले पुस्तक याच शेवचिक यांचे आहे. रियाजाशिवाय कुबेलिक घडला असे मुलांना सांगणे म्हणजे त्यांच्या हातून नेमके तेच पुस्तक काढून घेणे होय.

पहिल्या ध्वनिमुद्रणाचा दावाही टिकत नाही, कारण व्हायोलिनच्या तबकड्या १८९० च्या दशकातच निघाल्या होत्या. मात्र १९०२ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रण करणारा कुबेलिक हा जगद्विख्यात वादकांमध्ये अगदी आरंभीचा होता, योआखिम आणि सारासाते यांच्याही आधीचा, हे मान्य करावे लागते. वाद्याचे म्हणाल, तर पागानिनीने आपले लाडके व्हायोलिन इटलीतल्या जिनोआ शहराला दिले होते. कुबेलिककडे होते ते १७१५ चे स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे स्ट्रॅडिव्हेरी या इटालियन कारागिराने घडवलेले व्हायोलिन.

राहिला वेग. तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. वादक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून वाजवी आणि यंत्राचा वेग सर्वत्र सारखा नसे. मिनिटाला सुमारे ७३ ते ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ वर फिरवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो आणि लयही शंभरात सहा इतकी वाढते. त्यामुळे अशा जुन्या तबकड्यांच्या क्लिपमधल्या बोटांचे कौतुक करण्याआधी मूळ रचनेची पट्टी पाहावी आणि साथीचा पियानो त्याच पट्टीत ऐकू येतो का, हे पेटीवर पडताळावे.