पुतिन बटण दाबणार म्हणे!

देवगडच्या जेटीवर लिलाव सुरू, पापलेटच्या टोपल्या समोर आणि आमचे तात्या-भाऊ चहाचा ग्लास धरून पुतिनने युक्रेनवर अणुबॉम्ब टाकावा की नको ते ठरवतायत, २०२२ पासून हेच चाललंय! "छोटा टाकेल रे, टॅक्टिकल, लढाईच्या मैदानापुरता, संपेल एकदाचं." अहो छोटा म्हणजे केवढा? हिरोशिमावरचा साधारण १५ किलोटनचा, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकाइतका, आजच्या हिशेबात तो पण छोट्यातच जमा, आणि १९४५ संपेपर्यंत तिथे सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. सांगायला गेलं तर "तुका काय कळता?" बरं हीच मंडळी जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की किरणोत्सर्गाने हापूस जाईल, मासळी जाईल म्हणून तावातावाने भांडणार, आणि युक्रेनवर मात्र खुशाल टाका, तिथे काय माणसं राहत नाहीत? वर चहाचे पैसे पण माझ्याच माथी.