वहिनी, शाळेत सांगाच

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. नागपूरच्या नंदनवनला राहणाऱ्या माझ्या भाच्याला दोनदा फिट आली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) काढून मिरगीचं निदान केलं, गोळ्या सुरू केल्या. पोरगा चौथीत आहे. आता शाळेत सांगायचं की नाही? काका म्हणतात, "कायले बोभाटा करता? उद्या लग्नाच्या वेळी निघते सगळं." मी इंग्लंडहून "सांगा" म्हटलं तर उत्तर आलं, "तुले तिकडं बसून बोलाले काय जाते!"

राग आला. हिंदू विवाह कायद्यातून मिरगी नसावी ही अट १९९९ मध्येच निघाली. दहातल्या सात जणांच्या फिट औषधाने थांबू शकतात. आणि आपण दहा वर्षांच्या पोराला लपवायला शिकवणार?

मी इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका प्रायमरी शाळेत टीए, म्हणजे शिक्षिकेची मदतनीस आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीला मिरगी आहे. स्टाफरूममध्ये तिच्या फोटोचा कागद लावलाय: वेळ मोजा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलाम (फिट थांबवणारं औषध) गालाच्या आत सोडा, ॲम्ब्युलन्स बोलवा. जेवण वाढणाऱ्या डिनर लेडीलाही हे पाठ आहे. हाफ टर्मच्या (सत्रामधल्या) सुट्टीआधी हजेरी चालू असताना तिला फिट आली, तेव्हा मुलांनी न सांगता खुर्च्या बाजूला ओढल्या. दीड मिनिटात थांबली. अर्ध्या तासाने ती गणितं करत होती.

आपल्याकडे अजून कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात. चमच्याने दात तुटतो, श्वास अडकू शकतो. बाईंना सांगितलंच नाही, तर वर्गातही चमचाच येणार. आणि काही मुलांची फिट म्हणजे नुसतं दहा सेकंद एकटक बघणं असतं, त्यावर "लक्ष कुठंय?" म्हणून ओरडा बसतो.

वहिनीला डॉक्टर दोन दिवसांत भेटले. इथे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीनंतर लोक तज्ज्ञासाठी ताटकळतात. आणि इथे उघड बोलणं सोपं आहे, कारण मी कुणाची सून, कुणाची भाची हे इथे कुणाला ठाऊक नाही. माझ्या लेकाला फिट आली तर शाळा कागद करेल, पण संध्याकाळी डबा घेऊन दारात कोणी येणार नाही. नंदनवनात पाच घरांतून आला असता. ते मला रोज खुपतं. पण ज्या शेजाऱ्यांचा डबा चालतो, त्यांच्यापासून आजार का लपवायचा?

वहिनी, डॉक्टरांकडून सूचना लिहून घ्या आणि सोमवारी वर्गशिक्षिकेच्या हातात द्या. काकांशी मी बोलते.